सातव्या महिन्याचं कारण



ज्या गुरुजींच्या नावाने ही व्याख्यानमाला चालते ते शाळेत व्यायामाचे शिक्षक होते. त्यामुळे यंदा आरोग्यावर बोला, असा संस्थेचा निरोप आला तेव्हा नाही म्हणणं शक्यच नव्हतं. पण आरोग्यावरच्या व्याख्यानात काय सांगतात हे तुम्हाला माझ्याइतकंच पाठ आहे. साखर कमी करा, चाला, रात्री लवकर जेवा. ते मी आज सांगणार नाही. वजन कसं उतरवायचं हे ठाऊक नसलेला माणूस या सभागृहात शोधून सापडणार नाही. अनेकांनी ते एकदा तरी उतरवून दाखवलं असेल, आणि त्यातल्या बहुतेकांचं परत आलं असेल. मला बोलायचंय ते या परत येण्याबद्दल. माणूस कोणत्या कारणासाठी घराबाहेर चालायला पडतो आणि ते कारण कुठवर साथ देतं, एवढाच आजचा विषय आहे.

मी फिजिशियन आहे. माझ्याकडे येणारी माणसं कारण सोबत घेऊनच येतात. मार्गशीर्षात लग्न आहे. कंपनीच्या तपासणीत साखर काठावर आली. मुलगी अमेरिकेतून व्हिडिओ कॉलवर ओरडते. शाळेच्या गेट-टुगेदरचा फोटो पाहिला आणि धक्काच बसला. यातलं एकही कारण खोटं नाही, आणि ही कारणं कामही करतात. लग्नाची तारीख ठरलेला तरुण तीन महिन्यांत आठ-दहा किलो उतरवून येतो, शेरवानीचं माप कमी करून घेतो. पुढच्या वर्षी बायकोला घेऊन येतो तेव्हा ते आठ-दहा किलो परत आलेले असतात, वर दोन जास्त. यात नवल काय? कारणच लग्नाचं होतं आणि लग्न तर झालं.

आपल्याकडे दर काही वर्षांनी आहाराची एक लाट येते. डॉ. श्रीकांत जिचकारांनी मांडलेली आणि डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी गावोगावी पोचवलेली दोनच वेळा जेवण्याची पद्धत तुम्ही पाहिली. ऋजुता दिवेकरांचं घरचं, स्थानिक आणि थोड्या थोड्या अंतराने खाण्याचं सांगणंही पाहिलं. या दोन पक्षांची भांडणं मी लग्नाच्या पंगतीत ऐकली आहेत, तीही हातात जिलबी असताना. माझं मत विचाराल तर पहिले सहा महिने कुठलीही पद्धत नेटाने पाळा, बहुतेकांचं वजन उतरतं. पद्धतीची परीक्षा तोवरच असते. सातव्या महिन्यापासून परीक्षा कारणाची सुरू होते.

सातव्या महिन्यात असं काय होतं? शरीर हिशेब मागायला लागतं. वजन उतरलेलं शरीराला आवडत नाही. ते भूक वाढवतं आणि खर्च कमी करतं. अमेरिकेत टीव्हीवर ‘द बिगेस्ट लूझर’ नावाची वजन उतरवण्याची स्पर्धा चालायची. त्यातल्या १४ स्पर्धकांची केविन हॉल आणि सहकाऱ्यांनी सहा वर्षांनंतर पुन्हा तपासणी केली. तो अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. बहुतेकांचं बरंचसं वजन परत आलेलं होतं. आणि त्यांचं शरीर विश्रांतीच्या अवस्थेत, त्या वजनाच्या माणसाकडून अपेक्षित असतं त्यापेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होतं. सहा वर्षांनंतरसुद्धा. ५०० कॅलरी म्हणजे आपलं एक बऱ्यापैकी जेवण. तेव्हा वजन परत आलेल्या माणसाला ‘इच्छाशक्ती कमी पडली’ असं जो म्हणतो, त्याला मी विचारतो की बाबा, तू सहा वर्षं रोज एक जेवण सोडून दाखवशील का?

मग काही जणांचं वजन टिकतं ते कशामुळे? यावर न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर विद्यापीठातल्या मंडळींनी खूप काम केलं आहे. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन हे तिथले मानसशास्त्रज्ञ होते. त्यांनी आणि जेफ्री विल्यम्स यांनी १९९६ साली एक अभ्यास छापला. अतिशय कमी कॅलरींच्या सहा महिन्यांच्या कार्यक्रमात आलेली १२८ माणसं, सगळी खूप स्थूल. त्यांना विचारलं की तुम्ही इथे का आलात. काहींची कारणं स्वतःची होती, काहींची दुसऱ्याने दिलेली. ज्यांचं कारण स्वतःचं होतं ती माणसं बैठकांना जास्त नियमित आली, त्यांचं वजन जास्त उतरलं आणि २३ महिन्यांनंतरही त्यांनी ते जास्त चांगलं टिकवलेलं होतं. आमच्या व्यवसायातल्या लोकांनी लक्षात ठेवावं असं त्यात आणखी एक होतं. तिथले कर्मचारी आपलं म्हणणं ऐकून घेतात, निवड आपल्यावर सोडतात असं ज्यांना वाटलं, त्यांची कारणं जास्त ‘स्वतःची’ होती. म्हणजे दटावून कारण रुजत नाही. डॉक्टरांच्या खोलीत किती दटावणी चालते हे तुम्हाला सांगायला नको.

डेसी-रायन यांनी कारणांच्या पायऱ्या लावल्या आहेत. सगळ्यात खाली ‘दुसरा सांगतो म्हणून’. त्याच्या वर ‘नाही केलं तर मला लाज वाटेल म्हणून’. मग ‘मला ते पटलंय म्हणून’. आणि सगळ्यात वर, ‘मी तसाच माणूस आहे म्हणून’. हे कागदावर वाचताना कोरडं वाटतं, पण या शेवटच्या पायरीवर उभी असलेली माणसं आपल्या प्रत्येक गावात आहेत.

माळकरी माणूस बघा. ज्ञानोबांची पालखी आपल्या सातारा जिल्ह्यातून लोणंद-फलटणच्या वाटेने पुढे जाते, तेव्हा वारकरी इथे कुणाला समजावून सांगायला नको. गळ्यात तुळशीची माळ घातली की मटण सुटलं, दारू सुटली. कधीकधी हा माणूस आधी चांगला खाणारा-पिणारा असतो, गावजेवणात पुढे असतो. माळ घातल्यावर जत्रेच्या पंगतीत तो बाजूला बसून पुरणपोळी खातो आणि त्याचं त्याला काही वाटत नाही. तो रोज उठून मटणाशी झुंजत नाही, ते प्रकरण त्याच्यापुरतं मिटलेलं असतं. आणि त्याला आग्रहही कुणी करत नाही. ‘अरे एक तुकडा खा, काही होत नाही’ असं माळकऱ्याला म्हणायची कुणाची छाती नाही. तेच एखाद्याने ‘मी डायटवर आहे’ असं म्हणू द्या. अख्खा मांडव त्याच्या पानात गुलाबजाम टाकायला धावतो! डायट म्हणजे तात्पुरतं काहीतरी, पाडायला सोपं, हे वाढणाऱ्यालाही कळतं आणि खाणाऱ्यालाही.

आता उद्यापासून सगळ्यांनी साखरेची माळ घालावी, असं मी म्हणत नाही. माळ सक्तीने घालता येत नाही आणि तिच्यामागे पिढ्यांची परंपरा उभी असते. शिवाय आपले उपवास आणि वजन यांचा संबंध किती पातळ आहे हे साबुदाण्याच्या खिचडीकडे पाहून कळतं. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ हे कुणा डॉक्टरने म्हटलेलं नाही.

मग आपापलं कारण सापडायचं कसं? एक प्रसंग सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

पंचावन्न-साठीच्या एक बाई, मुलगा घेऊन आला होता. साखर वाढलेली, गुडघे धरलेले. आत आल्या आल्या मुलगा म्हणाला, “डॉक्टर, तुम्हीच सांगा हिला. आमचं ऐकत नाही.” बाई खाली बघून पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होत्या. मी मुलाला जुने रिपोर्ट झेरॉक्स करून आणायला पाठवलं. मग विचारलं, “मावशी, वजन कमी झालं तर काय करायचंय तुम्हाला?” त्या म्हणाल्या, “पोरांसाठी बरं राहायला पाहिजे ना.” हे उत्तर मी इतक्या बायकांकडून ऐकलं आहे की ते ऐकल्यावर मी थांबतो. आपल्या घरांत बाईला स्वतःची काळजी घ्यायची परवानगी दुसऱ्याच्या नावावरच मिळते, तेव्हा पहिलं उत्तर पोरांचंच येणार. म्हटलं, “ते झालंच. अजून?” बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “एकादशीला देवळात भजन असतं. मी गवळण म्हणायची. आता खाली बसता येत नाही, तर खुर्ची देतात. खुर्ची भिंतीकडंला, पेटी तिकडं खाली. खुर्चीवरनं आवाज पोचत नाही. आता दुसरीच म्हणती.”

हे त्यांचं कारण होतं. पेटीशेजारची सतरंजीवरची जागा. ते मला सुचलं नसतं, मुलाला तर नाहीच नाही. आणि त्या कारणाला पुढे काय काय जोडता आलं बघा. वजनाचा आणि गुडघ्याचा हिशेब मी त्यांना सांगितला. शरीरावरचा एक किलो कमी झाला की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो, हे मोजून पाहिलेलं आहे. साखरेचे आकडे त्यांच्या डोक्यावरून गेले, चार किलोंचा हिशेब एकदम लक्षात राहिला. मग त्यांनी स्वतःच एक गोष्ट शोधून काढली. रात्री सगळ्यांची जेवणं आटोपली की पातेल्याच्या तळाला उरलेला भात त्या खायच्या. स्वतःचं जेवण झालेलं असायचं, पण अन्न टाकवत नाही. “मी दोनदा जेवती हे मला माहीतच नव्हतं,” म्हणाल्या. कुठल्याही आहारतक्त्यात पातेल्याच्या तळाचा रकाना नसतो. त्यांनी तांदूळ एक वाटी कमी लावायला सुरुवात केली. सून कुरकुरली, मग तिलाही सवय झाली.

पाच-सहा किलो उतरले आणि काटा थांबला. दिवाळीत थोडं वाढलं, संक्रांतीनंतर पुन्हा उतरलं. ‘पुन्हा उतरलं’ हे महत्त्वाचं आहे. लग्नासाठी वजन उतरवणाऱ्याला दिवाळीनंतर परत यायला काही कारण नसतं, यांना दर पंधरा दिवसांनी एकादशी होती. आता त्या खाली बसतात, उठताना खांब धरावा लागतो. गवळण त्यांच्याकडे पूर्ण परत आलेली नाही, वाटून घेतलीय म्हणतात.

‘काय करायचंय तुम्हाला?’ असा प्रश्न विचारण्याची पद्धत माझी नाही. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर दारूच्या व्यसनावर काम करायचे. १९८३ साली त्यांनी एक लेख लिहिला आणि पुढे स्टीफन रॉलनिक यांच्यासोबत त्या पद्धतीचा विस्तार केला. तिच्यातला एक छोटा प्रश्न मला सगळ्यात जास्त उपयोगी पडतो. माणसाला विचारायचं, शून्य ते दहा या पट्टीवर हा बदल तुम्हाला किती महत्त्वाचा वाटतो? समजा तो म्हणाला, चार. आपली सगळ्यांची सवय काय? “चारच? आठ का नाही?” असं विचारलं की माणूस सबबी सांगायला लागतो. वेळ नाही, नाइट शिफ्ट आहे, पाठ दुखते. आपणच त्याला सबबींचा वकील करतो. मिलर उलटं विचारायला सांगतात. “चार का? एक का नाही?” आता उत्तर द्यायचं तर त्याला बदलाच्या बाजूने बोलावं लागतं, आणि तेही स्वतःच्या शब्दांत. कितीतरी वेळा माणूस त्या उत्तरात असं काही बोलतो की बाहेर बसलेल्या बायकोने ते कधी ऐकलेलं नसतं.

आता आपल्या शेजारच्या एका मोठ्या माणसाकडे येतो. इथून औंध फार लांब नाही. यमाईचा डोंगर आणि तिथलं वस्तुसंग्रहालय तुम्ही पाहिलं असेल. ते संग्रहालय ज्यांनी उभं केलं ते भवानराव पंतप्रतिनिधी, जन्म १८६८, निधन १९५१. चित्रकार, कीर्तनकार, आणि १९३९ साली स्वतःच्या संस्थानात प्रजेला स्वराज्य देणारे राजे. तरुणपणी त्यांनी त्या काळचा प्रसिद्ध शरीरसौष्ठवपटू युजेन सँडो याच्या पद्धतीचा व्यायाम वर्षानुवर्षं केला, मग ते सूर्यनमस्काराकडे वळले आणि म्हातारपणापर्यंत त्यांनी तो नेम सोडला नाही. १९३८ साली लंडनमध्ये त्यांचं सूर्यनमस्कारावरचं इंग्रजी पुस्तक निघालं. सूर्यनमस्कार आज जगभर दिसतात त्याचं मोठं श्रेय या आपल्या संस्थानिकाला आहे, आणि ते पुरेसं दिलं जात नाही असं माझं मत आहे.

पण मला त्यांच्यात रस आहे तो वेगळ्या कारणाने. या माणसाकडे सँडोची पद्धत होती, ती बदलली, दुसरी आली, नेम टिकला. म्हणजे पद्धत दुय्यम होती. कीर्तनकाराला श्वास लागतो, राजाला लोकांसमोर उभं राहावं लागतं, आणि परंपरेने चालत आलेली गोष्ट आपण शास्त्रशुद्ध करून जगाला दाखवू शकतो असा त्या काळचा अभिमानही असणार. या सगळ्यांतून त्यांचं कारण तयार झालं असावं. मग त्यांनी संस्थानातल्या शाळांत नमस्कार सक्तीचे केले. इथे मी थोडा थांबतो. राजाची पद्धत पोरांना देता आली, राजाचं कारण कसं देणार? पोरांसाठी तो घंटा वाजल्यावर सुरू होणारा तास. आमच्या गुरुजींच्या पिढीने हीच परंपरा पुढे चालवली आणि तिचे उपकार मी मानतो. पण शाळेत रोज नमस्कार घालणारी पिढी पन्नाशीत माझ्यासमोर साखरेचा रिपोर्ट घेऊन बसलेली असते, तेव्हा तासाने शरीराला वळण लागतं, माणसाला कारण मिळत नाही, एवढं म्हणायला हरकत नसावी.

कारण किलोंचं का नसावं, याचं मात्र एक रोकडं वैद्यकीय उत्तर आहे आणि ते पुण्यात मिळतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी असतानाचा एक फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, नेमका २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. आपण भारतीय माणसं काट्यावर सडपातळ आणि आतून चरबीदार असू शकतो. म्हणून आपल्याकडे कंबर मोजा म्हणतात. पुरुषांनी ९० सेंटिमीटरच्या आत, बायकांनी ८० च्या आत.

दुसरा पुरावा चेन्नईचा आहे. डॉ. ए. रामचंद्रन यांनी साखर काठावर असलेल्या लोकांवर अभ्यास करून २००६ साली प्रसिद्ध केला. ज्यांनी आहार आणि चालणं सुधारलं त्यांच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटलं, आणि या लोकांचं वजन जवळपास उतरलेलंच नव्हतं! आता विचार करा. ज्याचं एकमेव कारण काटा आहे तो तीन महिन्यांनी काटा हलत नाही म्हणून चालणं सोडून देतो, आणि आत त्याचा मधुमेह लांबणीवर पडत असतो तो फायदाही सोडून देतो. देशात मधुमेहाचे १० कोटींवर रुग्ण आहेत, असं २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीत दिसलं. काठावर असलेले १३ कोटी ६० लाख. एवढ्यांना काट्याच्या भरवशावर सोडणं परवडणारं नाही.

वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांचं विचारलं जाईलच, म्हणून आधीच सांगतो. मार्च २०२५ मध्ये मौंजारो भारतात आलं, सेमाग्लुटाइडचीही मागणी आहे. ही औषधं खरंच काम करतात आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने ती घेण्यात लाज वाटण्याजोगं काही नाही. भूक ही शरीराची गोष्ट आहे, तिला औषध मिळालं तर चांगलंच. मात्र सेमाग्लुटाइड थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग परत येतो, असं चाचणीत दिसलं आहे. म्हणजे सातवा महिना पुढे ढकलला जातो, रद्द होत नाही.

आणि हेही खरं की कारण कितीही खोल असलं तरी रात्रपाळीला ते पुरत नाही, पदपथ नसलेल्या रस्त्याला पुरत नाही, पहाटे पाचला पाणी भरून आठला दुसऱ्याच्या घरी धुणंभांडी करायला जाणाऱ्या बाईला तर अजिबात पुरत नाही. तिला प्रेरणेवर व्याख्यान देणं हा उद्धटपणा आहे. तिला वेळ हवा आहे आणि तो देणं तिच्या एकटीच्या हातात नाही.

आपल्या हातात काय आहे? घरातल्या माणसाच्या वजनावर लग्नाकार्यात बोलणं बंद करणं. ‘जरा जाड झालीस गं’ हे वाक्य आपल्याकडे नमस्काराआधी येतं. ते ऐकून कुणाचं वजन उतरल्याचं मी पाहिलेलं नाही. त्याऐवजी कधीतरी विचारून बघा की गुडघे, दम, कंबर यांनी साथ दिली तर तुला काय करायचंय. उत्तर आलं नाही तर गप्प बसा. महिनाभराने पुन्हा विचारा. उत्तर फालतू वाटलं तर हसू नका, कारण पेटीशेजारची जागासुद्धा कुणाला फालतू वाटली असती.

उद्या रविवारी सकाळी साडेसहापासून याच आवारात संस्थेने साखर आणि कंबर मोजण्याची सोय केली आहे. रात्रीच्या जेवणानंतर काही न खाता या, पाणी चालेल. इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या चालू असलेल्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारून मगच उपाशी राहावं. घरातल्या कुणाला ओढून आणू नका. तपासणीनंतर चहा आहे, साखर वेगळी ठेवलेली असेल.